क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून परदेशी गेलं तर कर्ज सुटतं का? जाणून घ्या नियम

व्हिसा हातात पडला, तिकीट निघालं आणि मागे क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली. अशा वेळी 'तीन वर्षं फोन उचलू नकोस, कर्ज आपोआप संपतं' असा सल्ला मित्रांकडून हमखास मिळतो. हा सल्ला अर्धवट आहे आणि देश सोडणाऱ्यावर तर तो उलटतो.

तीन वर्षांचा नियम काय?

मुदत कायदा, १९६३ नुसार अशा थकबाकीसाठी दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे ३ वर्षं असते. मात्र याच कायद्याचं कलम १५ सांगतं, की प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ या मुदतीत धरला जात नाही. म्हणजे कर्जदार ५ वर्षं परदेशात राहिला, तर ती ५ वर्षं मोजणीतून वगळली जातात आणि तो परतल्यावरही बँक दावा करू शकते.

समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन कोणीच हजर झालं नाही, तर न्यायालय एकतर्फी निकाल देऊ शकतं. त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी बँकेला १२ वर्षं मिळतात. या काळात कर्जदाराच्या नावावरचा फ्लॅट किंवा मिळकतीतला हिस्सा जप्त होऊ शकतो.

रक्कम किती फुगते?

समजा, थकबाकी १ लाख रुपये आणि व्याज दरमहा ३.५ टक्के आहे. चक्रवाढीने ही रक्कम वर्षभरात सुमारे १.५१ लाख आणि ३ वर्षांत सुमारे ३.४५ लाख होते. विलंब शुल्क आणि जीएसटी वेगळा. सिबिल स्कोअर घसरतो तो निराळाच. परतल्यावर गृहकर्ज घेताना ही नोंद आडवी येते.

विमानतळावर अटक होते का?

निव्वळ बिल थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. विजय मल्ल्या यांच्यावर लागू झालेला २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगार कायदा १०० कोटी रुपये किंवा त्याहून मोठ्या प्रकरणांसाठी आहे. सरकारी बँकांच्या सांगण्यावरून काढलेल्या लूकआउट नोटिसाही मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्या होत्या.

पण खात्यात पैसे नसल्याने धनादेश वटला नाही किंवा हप्त्याचं ऑटो-डेबिट परत गेलं, तर फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. न्यायालयाने वॉरंट काढल्यास पासपोर्टही जप्त होऊ शकतो. खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेतलं असेल, तर फसवणुकीचा गुन्हा वेगळा.

घरच्यांना भरावं लागतं का?

- क्रेडिट कार्ड: आई-वडिलांनी कुठेही सही केली नसेल, तर ते स्वतःच्या खिशातून भरायला बांधील नाहीत.
- ॲड-ऑन कार्ड: मुलाने परदेशात केलेला खर्चही मूळ कार्डधारकाकडूनच वसूल होतो.
- शैक्षणिक कर्ज: इथे पालक सहसा सहकर्जदार असतात. मुलगा बॉस्टनला असला, तरी नोटीस नाशिकच्या घरी येते. घर तारण असेल, तर त्यावरही गदा येते.
- वसुली प्रतिनिधी: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर ते वसुलीसाठी फोन करू शकत नाहीत. नातेवाइकांना धमकावणं किंवा बदनाम करणं यालाही मनाई आहे.

दुबईत थकवून भारतात परतलं तर?

तिथेही सुटका नाही. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या अधिसूचित न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी भारतातल्या जिल्हा न्यायालयामार्फत करता येते.

मग करायचं काय?

- निघण्यापूर्वी बँकेला लेखी कळवा आणि थकबाकीचे हप्ते पाडून मागा.
- परदेशातला पत्ता आणि ईमेल बँकेकडे नोंदवा, म्हणजे नोटीस कुलूपबंद घरी पडून राहणार नाही.
- परदेशातून एनआरओ खात्याद्वारे हप्ते भरता येतात.
- तडजोड केलीत, तर सिबिल अहवालात 'सेटल्ड' अशी नोंद होते. पूर्ण रक्कम भरल्यास 'क्लोज्ड' होते. नव्या कर्जासाठी दुसरी नोंद चांगली.
- बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते.
- शेवटचा हप्ता भरल्यावर 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.