नवे गाणे कसे शोधावे?

गाणे कोणाला आवडत नाही? आपल्या आया-आज्या जात्यावर दळता दळता ओव्या गात. त्या ओव्या कोणा कंपनीने करून दिल्या नव्हत्या. जिला सुचली तिने रचली. जिला आवडली तिने उचलली.

पुढे तबकडी आली, कॅसेट आली. गाण्याचा मोठा धंदा झाला. कंपनी गायकाला पैसा पुरवी. पण कोणते गाणे काढायचे, हेही बहुधा कंपनीच ठरवी.

काही गायक मात्र कंपनीची वाट पाहत नाहीत. ते आपले गाणे आपणच रचतात, आपणच रेकॉर्ड करतात आणि फोनवरून लोकांपुढे ठेवतात. याला स्वतंत्र संगीत म्हणतात. इंग्रजीत त्याचे आखूड नाव ‘इंडी’. गाण्याबरोबर ते चित्रही घेतात. त्याला गाण्याचा व्हिडिओ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, “व्हिडिओ काढायला पैसा नको का?” पैसा लागतो, खरे आहे. पण शक्तीपेक्षा युक्ती मोठी! दोन उदाहरणे पाहू. एक परदेशातले, एक आपल्या मुंबईचे.

अमेरिकेत ‘ओके गो’ नावाचे चार गायक-वादकांचे पथक आहे. २००६ साली त्यांनी एका गाण्याचा व्हिडिओ केला. ट्रेडमिल हे व्यायामाचे यंत्र असते. त्याचा पट्टा फिरत राहतो आणि माणूस जागच्या जागी चालतो. अशी आठ यंत्रे त्यांनी मांडली. त्यांच्यातल्या एकाच्या बहिणीने नाच बसवला. कॅमेरा एकाच जागी ठेवला. मध्ये कोठे न थांबता सगळा नाच एका दमात घ्यायचा होता. कोणी चुकले, की पुन्हा पहिल्यापासून! सतरा वेळा केले, तेव्हा जमले. २००७ साली त्या व्हिडिओला ‘ग्रॅमी’ हा तिकडचा मानाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा हे पथक एका मोठ्या कंपनीकडे होते. २०१० साली त्यांनी ती सोडली आणि स्वतःची लहान कंपनी काढली.

आता मुंबईकडे या. कुर्ल्याच्या वस्तीत नेझी नावाचा तरुण राहत होता. तो रॅप म्हणे. रॅप म्हणजे तालावर झपाझप बोलून म्हटलेले गाणे. त्याच्याकडे एक आयपॅड होता. आयपॅड म्हणजे पाटीएवढा फोनच म्हणा ना! २०१४ साली त्याने त्यावरच ‘आफत’ हे गाणे रेकॉर्ड केले. व्हिडिओही त्यावरच काढला. तो लोकांनी उचलून धरला. पुढे २०१९ साली ‘गली बॉय’ हा हिंदी चित्रपट आला. नेझी आणि डिवाइन या दोन रॅप गायकांच्या जीवनावरून तो सुचला होता.

अशी गाणी आपल्याला कशी सापडतील? इथे तुमचे वाचन कामी येते. यूट्यूबवर काल जे पाहिले, त्याच्यासारखेच आज पुढे येते. ज्याला वाचता येत नाही, तो बहुधा पुढे येईल तेच ऐकतो. तुम्हाला आता वाचता येते. तुम्ही निवड करू शकता.

भिंगाच्या खुणेवर बोट ठेवा. मराठीत लिहा: ‘नवा पोवाडा’, ‘मराठी रॅप’ किंवा आपल्या तालुक्याचे नाव आणि पुढे ‘गाणे’. गाणे आवडले, तर खाली लिहिलेली नावे वाचा. गायक कोण? रचले कोणी? चित्र कोणी घेतले? मग त्याच नावाने पुन्हा शोधा. त्यांची आणखी गाणी सापडतील.

नाव वाचण्याचे आणखी एक कारण आहे. काही लोक दुसऱ्याचे गाणे आपल्या नावावर टाकतात. म्हणून मूळ गायकाचे पान शोधा आणि तिथे ‘सबस्क्राइब’ दाबा. त्याला पैसे पडत नाहीत. गायकाला मात्र त्याचा उपयोग होतो. यूट्यूबवरच्या जाहिरातींच्या पैशात वाटा मिळायला निदान १००० सबस्क्राइबर लागतात. इतरही अटी असतात, पण ही अट तुमच्या-आमच्या हातची आहे.

कदाचित तुमच्याच गावात कोणी पोर गाणे रचीत असेल. त्याच्या हजारांतले पहिले नाव तुमचे असू द्या.