मांजराचा आकस्मिक मृत्यू
बेळगुंदीत धडधाकट मांजर अचानक मेले, की 'पान लागले' किंवा 'शेजाऱ्याने विष घातले', असे दोनच तर्क मी ऐकतो. सर्पदंश व उंदीरनाशक झिंक फॉस्फाइड ही कारणे खरीच. परंतु अनेकदा दोष हृदयाचा असतो. मांजरांच्या हृदयविकारांत हृदयस्नायू जाड होण्याचा विकार सर्वाधिक आढळतो. तो पुष्कळदा मुकाट्याने वाढतो व मृत्यू हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. २००५ मध्ये मेन कून जातीत त्याचे एक जनुकीय कारण सापडले. घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीही घातक ठरते, कारण ती पचवण्याची शक्ती मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. म्हणून शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी पशुवैद्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावे, ही नम्र विनंती.