वारशाने येणारी निष्ठा : कोलकात्याचे दोन फुटबॉल संघ आणि एक बोली

एकाच फुटबॉल संघाविषयीची निष्ठा एखाद्या कुटुंबात तीन-तीन, चार-चार पिढ्या चालत आलेली आढळते. हा विषय सामान्यतः समाजशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. तथापि अशी निष्ठा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ज्या रीतीने जाते, ती रीत मातृभाषेच्या संक्रमणाशी इतकी मिळतीजुळती आहे की, भाषेच्या अभ्यासकानेही तिची दखल घ्यावयास हवी. दोन्ही गोष्टी मूल निवडीची जाणीव येण्यापूर्वीच घरात आत्मसात करते आणि दोन्हींमुळे ‘आम्ही’ व ‘ते’ ही सीमारेषा आखली जाते. मात्र या दोहोंपैकी एक लोपत गेली आणि दुसरी टिकून राहिली, असे घडले तर त्याचा अर्थ काय लावावयाचा? कोलकात्यातील मोहन बागान व ईस्ट बंगाल या दोन संघांच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मोहन बागानची स्थापना १८८९ साली झाली. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाचा २–१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. या विजयामुळे संघाला राष्ट्रीय अस्मितेचे स्थान मिळाले. ईस्ट बंगाल संघ १ ऑगस्ट १९२० रोजी स्थापन झाला. जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूस वगळले, त्यामुळे सुरेशचंद्र चौधुरी यांनी तो संघ सोडला व पूर्व बंगालच्या नावाने नवा संघ उभारला. म्हणजे या संघाचा जन्म फाळणीच्या आधी सत्तावीस वर्षांचा होय. परंतु १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना घर, जमीन व गाव गमावल्यावर आपल्या प्रदेशाचे नाव कोलकात्यात जाहीरपणे उच्चारता येईल असे एक ठिकाण या संघात लाभले, आणि त्याच्याविषयीच्या निष्ठेला निराळाच अर्थ प्राप्त झाला.

पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’, हा भेद बंगाली समाजात जुना आहे. त्याची सर्वांत ठळक खूण बोली ही होती. प्रमाण बंगालीत ‘मी खाल्ले’ या अर्थी ‘खेयेछि’ म्हणतात, तर ढाक्याकडील बोलीत ‘खाइसि’. प्रमाण ‘जाबो’ (मी जाईन) याच्या जागी तिकडे ‘जामु’ येते. प्रमाण बंगालीतील तालव्य च, ज पूर्वेकडे दंततालव्य होतात. मराठी वाचकाला ‘चाक’मधील च आणि ‘जाऊ’मधील ज मनाशी उच्चारून पाहिल्यास त्या ध्वनींची पुरेशी कल्पना येईल. हे उच्चार ऐकताच कोलकात्यात माणसाचे मूळ ओळखले जाई, आणि पुष्कळदा त्याची थट्टाही होई.

निर्वासितांच्या मुलांनी शाळेत व कचेरीत प्रमाण बोली उचलली. नातवंडांपैकी पुष्कळांना ‘जामु’ कळते, पण त्यांच्या तोंडून ते सहज येत नाही. संघनिष्ठा मात्र नातवंडांतही कायम आहे. दोन संघांचा सामना बंगालीत ‘बॉडो मॅच’, म्हणजे मोठा सामना, या नावाने ओळखला जातो. ईस्ट बंगाल जिंकल्यास इलिश मासा आणि मोहन बागान जिंकल्यास कोळंबी शिजवावयाची, हा संकेत सर्वपरिचित आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यास सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते, आणि तेव्हा फाळणीला पन्नास वर्षे होत आली होती.

बोली मागे पडली व निष्ठा टिकली, याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की, बोलीला रोजच्या व्यवहारात किंमत मोजावी लागते. ती प्रत्येक वाक्यात प्रकट होते आणि नोकरीत वा वर्गात बोलणाऱ्यास उघडे पाडते. संघनिष्ठा प्रसंगापुरती प्रकट करता येते आणि एरवी झाकून ठेवता येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भाषेतील घटकाचे मूल्य इतर घटकांशी असलेल्या त्याच्या भेदातून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत सुपरिचित आहे. प्रमाण बोलीला बांगाल बोलीची गरज नव्हती, म्हणून ती बोली एकतर्फी विरत गेली. याउलट मोहन बागानला ईस्ट बंगालची गरज आहे. एका घराची निष्ठा शेजारच्या घराच्या विरुद्ध निष्ठेने दरवर्षी नव्याने जागी होते. येथे विरोध हाच संरक्षक ठरतो.

मात्र ही वाटणी जन्मानेच पक्की ठरते असे समजणे चुकीचे होईल. १९११ च्या विजयी संघातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. पुढे चुनी गोस्वामी यांचा जन्म पूर्व बंगालमधील किशोरगंजचा. परंतु १९५४ पासून १९६८ पर्यंत ते मोहन बागानसाठीच खेळले. मातृभाषेप्रमाणे संघही बदलता येतो. मात्र तसे क्वचित घडते, आणि घडल्यास त्याची चर्चा होते.

या वारशाला काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांमध्ये दंगल होऊन १६ जणांचा बळी गेला. दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान केले जाते. कुटुंबातून आलेली निष्ठा मुलाला जसा आधार देते तसे वैरही देऊ शकते, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

अलीकडच्या दोन घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल विभाग ए. टी. के. या व्यावसायिक संघाशी जोडला गेला व ती अक्षरे संघाच्या नावाआधी लागली. रंग तेच असूनही समर्थकांनी त्या अक्षरांना चिकाटीने विरोध केला, आणि २०२३ साली ती काढून टाकण्यात आली. नाव हे केवळ लेबल नसून वारशाचा गाभा असते, याचा हा पुरावा होय. दुसरी घटना १८ ऑगस्ट २०२४ ची. एका तरुण महिला डॉक्टरच्या हत्येने शहर क्षुब्ध असता सुरक्षेच्या कारणावरून मोठा सामना रद्द झाला, आणि दोन्ही संघांचे समर्थक न्यायाच्या मागणीसाठी मैदानाबाहेर एकत्र जमले. परस्परविरोधी पदे एकाच व्यवस्थेत नांदतात, म्हणूनच ती एकमेकांस ओळखतात.

महाराष्ट्रात या अभ्यासाला कोल्हापूरचे क्षेत्र खुले आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ पेठांच्या नात्याने बांधलेले आहेत. तेथील घराघरांत संघनिष्ठा कोणत्या शब्दांनी शिकवली जाते, प्रतिस्पर्ध्याला कोणती नावे ठेवली जातात, लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेली मुलगी कोणत्या संघाला ‘आपला’ म्हणते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष मुलाखतींतूनच मिळतील. त्या नोंदी करताना ‘आपला’ या सर्वनामाच्या उपयोगाकडे विशेष लक्ष द्यावे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे हे सर्वनाम ज्या वयात मूल संघाच्या नावापुढे लावू लागते, त्या वयातच हा वारसा त्याच्या हाती आलेला असतो.