नावाचा टॉवेल, साधा टॉवेल

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना शोधायचा तर पाट्या वाचत बसू नये, कान द्यावा. जिथून एकसारखी खटाखट ऐकू येते तिथे टॉवेल विणला जातो. अडचण एवढीच की ती खटाखट दर दुसऱ्या शेडमधून येते. रस्त्यावरून अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या सुसाट जातात. आत गल्लीत सुताच्या गोण्या लादलेला टेम्पो उलटा घेताना पोरगा ‘आने दो, आने दो’ ओरडत असतो. शेडमध्ये मालक मागवाल्याशी तेलुगूत बोलतो, मागवाला हमालाला कानडीत सांगतो आणि हिशेब मराठीत होतो.

टॉवेलचा माग जवळून पाहण्यासारखा असतो. त्याला दोन बीम. एका बीमचा ताणा ताठ ओढलेला, कापड उभं राहतं ते त्याच्यावर. दुसऱ्याचा मुद्दाम सैल सोडलेला. बाण्याचे पहिले दोन धागे फणी अर्ध्यावरच ठोकते आणि सोडून देते. तिसऱ्याला पूर्ण ठोका. त्या ठोक्यासरशी तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात, सैल ताण्याला जागा उरत नाही आणि तो बिचारा वर उचलला जाऊन त्याचा फासा होतो. कारखान्यात त्याला लूप म्हणतात. अंगावरचं पाणी टिपतात ते हे लूप. चादर मागे पडली आणि सोलापूरला टेरी टॉवेलनं तारलं, ते या तिसऱ्या ठोक्याच्या जोरावर. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण आज एमआयडीसीत चादरीचा माग शोधावा लागतो, टॉवेलचा शोधावा लागत नाही.

ज्या कारखान्यात मी उभा होतो तिथल्या मालकांनी मालाचे दोन ढीग दाखवले. एक साधा, पांढरा. दुसरा नावाचा, हॉटेलचं नाव, क्लबचं नाव, कुठल्याशा स्पर्धेचं नाव आणि साल. हा जकार्डवर निघतो, भाव बरा मिळतो. ‘‘पण नावाचा माल ऑर्डर हातात असेल तरच बसवायचा, मालक,’’ ते म्हणाले. सोलापुरात समोरचा कोणीही असो, मालकच असतो. ‘‘साल विणलं की संपलं. स्पर्धा उरकल्यावर तो कोण घेतंय? साधा माल गोदामात पडला तरी कधी ना कधी जातोच की वो.’’

चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र होतं आणि त्यात अहमदाबादची बातमी. २६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोच्या सभेत २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या यजमानपदासाठी अहमदाबादवर शिक्कामोर्तब झालं. ‘‘आपल्याकडे कधी?’’ कोणीतरी विचारलं आणि टपरीभर हसू उसळलं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पोहण्याच्या शर्यती म्हणजे विनोदच. माझ्या डोक्यात मात्र ते दोन ढीग राहिले. आपल्या देशात यजमान झालेली शहरं या दोन ढिगांत घालून पाहिली तर कोणतं शहर कुठे बसेल?

सुरुवात दिल्लीपासून. मार्च १९५१, पहिल्या आशियाई स्पर्धा. आठ दिवस, ११ देश. देश नुकता फाळणीतून उठलेला, तिजोरीत खडखडाट. नवं मैदान बांधायचा प्रश्नच नव्हता. इंग्रजांनी इंडिया गेटजवळ बांधलेलं आयर्विन ॲम्फीथिएटर डागडुजी करून घेतलं आणि त्याला नॅशनल स्टेडियम म्हटलं. त्याच मैदानावर १९८२ च्या आशियाई स्पर्धेत पाकिस्ताननं आपल्याला हॉकीत सात-एकनं धुतलं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेची हॉकीही तिथेच झाली, तोवर त्याला मेजर ध्यानचंदांचं नाव मिळालं होतं. म्हणजे एकच मैदान तीन स्पर्धांना पुरलं. याच्यापेक्षा साधा माल तो कोणता?

१९८२ ची गोष्ट वेगळी. ३३ देश, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, उड्डाणपूल, अप्पू हत्ती आणि नुकताच आलेला रंगीत टीव्ही. दिल्लीचा चेहरामोहरा तेव्हा बदलला हे खरंच. पण एमआयडीसीत बसून त्या वर्षाकडे पाहिलं की दुसरंच काही दिसतं. स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ती जमादाराच्या हाती देत, जमादार त्यातला रुपया आपल्याकडे ठेवून ८ रुपये २५ पैसे मजुराच्या हातावर टेकवी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्पर्धेला दोन महिने राहिले असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये, निकाल आला की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमानं बंदी घातलेली वेठबिगारीच. कामगार कायद्याच्या वर्गात हा निकाल ‘एशियाड वर्कर्स केस’ म्हणून अजून शिकवतात. सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या किमान वेतनाचं भांडण माझ्या लहानपणापासून ऐकतोय. त्या भांडणात टेकायला जी काठी आहे तिचं एक टोक एशियाडच्या बांधकामावर रोवलेलं आहे.

आणि महाराष्ट्राला काय मिळालं? एक बस. आपल्या एसटीनं त्या स्पर्धेसाठी दिल्लीला निमआराम गाड्या धाडल्या होत्या. स्पर्धा संपली, गाड्या परत आल्या आणि दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या. लोकांनी त्यांना नाव दिलं एशियाड. पुढे तशी प्रत्येक निमआराम गाडी एशियाडच झाली. ‘लाल डब्यानं नको, एशियाडनं जा’ असं सांगणाऱ्या माझ्या आत्याला एशिया हा खंड आहे याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. दोन-दोनची बाकं, मान टेकायला जागा, तिकीट थोडं जास्त. महामंडळानं नंतर हिरकणी हे नाव दिलं, तरी स्टँडवर अजून एखादा म्हातारा ‘एशियाड कितीला लागते?’ विचारतो. स्पर्धा विसरली, साल विसरलं आणि नाव कामाला लागलं. टॉवेलवाल्या मालकांना हा प्रकार मी सांगितला तेव्हा ते खूष झाले.

तसल्याच एका गाडीनं मी पुण्याला बालेवाडी पाहायला गेलो. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर, वाटेत उजनीचं पाणी. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेला म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ते उभारलं तेव्हा आजूबाजूला शेतं होती. पुणेकरच तेव्हा ‘एवढ्या लांब कोण जाणार’ म्हणत. आज त्याच्या भोवती इमारतींनी असा वेढा घातलाय की संकुलावरचं तेवढंच काय ते उघडं आभाळ.

ऑक्टोबर २००८ मध्ये इथे तिसऱ्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देश, बाराशेवर मुलंमुली, नऊ खेळ, सात दिवस. जिगर नावाचा शुभंकर वाघ शहरभर भिंतींवर चढला होता. भारतानं ३३ सुवर्णपदकं घेऊन पहिला नंबर मारला. कोल्हापूरची सतरा वर्षांची राही सरनोबत इथे पिस्तूल नेमबाजीत सोनं जिंकली; दहा वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती सोनं जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज झाली. ग्रेनाडा नावाच्या चिमुकल्या बेटावरचा सोळा वर्षांचा किरानी जेम्स इथे चारशे मीटर जिंकला. चारच वर्षांनी लंडन ऑलिंपिकला त्यानं तीच शर्यत मारली आणि त्याच्या देशाला आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं. बालेवाडीच्या कुठल्या फाटकावर त्याचं नाव लिहिलेलं मला दिसलं नाही. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावं दाटीनं असतात, धावणाऱ्यांची नसतात.

मी गेलो तो आडवार होता. मोठ्या स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या, काहींचा रंग उन्हानं उडालेला. पण क्रीडा प्रबोधिनीची मुलं पहाटेपासून मैदानात होती. कुस्तीच्या हॉलमधून घामाचा तो ओळखीचा आंबूस वास येत होता, आणि जलतरण तलावाच्या कठड्यावर टॉवेल वाळत टाकलेले होते. सवयीनं मी कडा पाहिली. सोलापूरचे असावेत, शपथेवर सांगणार नाही.

या संकुलानं नंतर काय काय सोसलं याची यादी मजेशीर आहे. २०१३ ला चेन्नईनं हात वर केल्यावर आशियाई ॲथलेटिक्स इथे आलं. फुटबॉलची लीग आली. २०१८ पासून काही वर्षं चेन्नईचीच टेनिस स्पर्धा इथे नांदली. २०१९ च्या जानेवारीत खेलो इंडिया झाली. आणि निवडणूक आली की मावळ मतदारसंघाची मतमोजणीही इथेच. कोणी याला खेळाचा अपमान म्हणेल. मला तसं वाटत नाही. वापरात असलेली इमारत अशीच असते, लग्नघरासारखी, आज या कार्याला, उद्या त्या. स्पर्धा लहान होती म्हणून पुण्याला ती पचली, आणि मैदान चौदा वर्षं आधीचं होतं म्हणून बांधकामाच्या घाईत कोणाचा जीव टांगणीला लागला नाही. गाऱ्हाणं आहे ते दुसरं: सगळं एकाच ठिकाणी. सोलापूरच्या पोरानं चांगल्या ट्रॅकवर धावायचं तर अडीचशे किलोमीटरचं तिकीट काढायचं.

बालेवाडी ही ज्या दिल्लीची रंगीत तालीम होती त्या २०१० बद्दल फार लिहायला नको, सगळ्यांना आठवतंय. कॅनडाच्या हॅमिल्टनला ४६ विरुद्ध २२ मतांनी हरवून मिळवलेलं यजमानपद, तयारीला सात वर्षं आणि उद्घाटनाला दोन आठवडे राहिले असताना नेहरू स्टेडियमबाहेर कोसळलेला पादचारी पूल. खेळाडूंनी १०१ पदकं मिळवली म्हणून थोडी लाज राखली गेली. यमुनेकाठच्या क्रीडाग्रामात १,१६८ फ्लॅट बांधले होते, ते खेळाडू गेल्यावर विकण्याच्या हिशेबानं.

घरांवरून आठवलं. एमआयडीसीतून अक्कलकोटच्या दिशेनं थोडं पुढे गेलात की कुंभारी लागतं. तिथे विडी वळणाऱ्या बायकांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची, २००६ ची. शेजारी रे नगर, असंघटित कामगारांसाठी, एकूण तीस हजार घरांचं. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला ताब्यात दिली. स्पर्धा नाही, मशाल नाही, शुभंकर नाही. दिल्लीच्या क्रीडाग्रामाच्या पंचवीसपटीहून जास्त घरं एका विडी-टॉवेलच्या गावानं मोर्चे काढून काढून पदरात पाडून घेतली. हे वाचून एखादा म्हणेल की तुलना जुळत नाही. नसेल जुळत, पण अंतिमतः दोन्हीकडे सिमेंट सारखंच लागतं.

कौतुकाबरोबर दुसरीही बाजू सांगायला हवी. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब आणि कामगार, दोघंही आतच राहत होते. सूत, कापसाची तूस आणि झोपलेली माणसं एका छपराखाली. गावाला काय बांधायचं असेल तर आधी याचा विचार व्हावा, असं त्या गल्लीतून जाताना वाटतं. स्टेडियम मग बघू.

जगातही आता यजमान होण्याची हौस ओसरली आहे. २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा डर्बनला झेपली नाही म्हणून बर्मिंगहॅमकडे गेली. २०२६ ची ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं घेतली आणि खर्चाचे आकडे पाहून २०२३ मध्ये परत केली. शेवटी ग्लासगोनं ती घेतली, तीही दहाच खेळ आणि चारच ठिकाणं, सगळी आधीपासून उभी असलेली, अशा अटीवर. ग्लासगोवाले साध्या ढिगातले. अहमदाबादचं काय होतं ते २०३० नंतर कळेल. तिथल्या मोटेऱ्याला सव्वा लाखाहून जास्त माणसांचं क्रिकेट मैदान आधीच आहे, आणि १९३० ला हॅमिल्टनमध्ये सुरू झालेल्या स्पर्धेची शंभरी तिथे व्हायची आहे. शंभरीचा मोह वाईट. शंभरीला साधा टॉवेल कोण काढतो?

सोलापूरला पाहुणचार नवा नाही, एवढं मात्र टपरीवर सगळ्यांनी मान्य केलं. दर संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते. पाळणे, मौत का कुआँ, भजी, भांड्यांची दुकानं; गर्दी मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. यात्रा उठली की पाळण्याच्या खांबांचे खड्डे उरतात, आणि पोरं त्यातलाच एखादा धरून स्टंप रोवतात.

निघताना मी कारखानदारांना विचारलं, समजा अहमदाबादहून ऑर्डर आलीच तर?

‘‘घेऊ की वो, का नाही घेणार?’’ त्यांनी पांढऱ्या टॉवेलची घडी मोडून परत घातली. ‘‘फक्त एक विनंती करू त्यांना. गावाचं नाव घाला, साल नको.’’

पलीकडच्या मागावरचा बीम संपला होता. दोघं जण नवा बीम खांद्यावर घेऊन आले, आणि तेवढ्या एका कोपऱ्यात काही मिनिटं खटाखट थांबली.