गोंगाट व गोड्या पाण्यातील मासे
नावांची एंजिने, पुलांवरील वाहतूक, धरणांवरील टरबाइने व पाण्यातील बांधकाम यांपासून नद्या व जलाशय यांत पसरणाऱ्या ध्वनीमुळे माशांच्या वर्तनात बदल होतात. पाण्यात ध्वनी सेकंदास सु. १,४८० मी. वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. मात्र पाण्याच्या पृष्ठभागावरून तो बहुतांशी आतच परावर्तित होतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याखालच्या गोंगाटाची कल्पना येत नाही ती यामुळेच.

माशांना बाह्यकर्ण नसला, तरी अंतर्कर्ण असतो. रोहू, कटला, मृगळ इ. कार्प मासे व मार्जारमीन यांच्यात वाताशयाची कंपने अंतर्कर्णापर्यंत पोहोचविणारी लहान हाडांची साखळी असते. एर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांनी १८२० मध्ये तिचे वर्णन केले. या हाडांमुळे सोनमाशाला काही हजार हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात; ती नसलेल्या पर्चची मर्यादा काही शे हर्ट्‌झच असते. भारतातील नद्यांत सापडणारे बहुतेक खाद्य मासे या तिखट कानांच्या गटातील होत.

तथापि मंद श्रवण हे संरक्षण नव्हे. ऑस्ट्रियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्प, गजन व पर्च या तिन्ही माशांना नौकांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकविला असता, ताण दर्शविणाऱ्या कॉर्टिसॉल या हॉर्मोनाचा स्राव तिघांतही वाढला. एकसारख्या सलग ध्वनीने तसे झाले नाही. म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेइतकेच त्यातील चढउतारही त्रासदायक ठरतात.

गोंगाटाने मासे क्वचितच मरतात. त्यांचे अवधान मात्र ढळते. तीन काट्यांचा स्टिकलबॅक गोंगाटात अन्नावर झडप घालीत राहतो, पण अन्न व अखाद्य कण यांत त्याची गफलत होते (२०११). मिनो मासा त्याच स्थितीत निश्चल होऊन खाणेच कमी करतो. एका जातीवरून दुसरीचे अनुमान करणे म्हणूनच धोक्याचे आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लॅकटेल शायनर या माशाचे नर वीण काळात ध्वनी काढतात. भोवती गोंगाट असल्यास ते आवाज चढवितात. नराची हाक मुळात थोड्याच अंतरापर्यंत पोहोचत असल्याने पुलावरील वाहनांच्या आवाजात ती बुडून जाऊ शकते.

तीव्र ध्वनीत दीर्घकाळ ठेवलेल्या सोनमाशांना तात्पुरते बहिरेपण येते. २१ दिवस ठेवलेल्यांचे श्रवण पूर्ववत होण्यास सु. दोन आठवडे लागले. श्रवणाच्या नष्ट झालेल्या रोमकोशिका माशांत पुन्हा निर्माण होतात, माणसात होत नाहीत. यांतील बरेच प्रयोग काचेच्या टाक्यांत झाले. तेथे भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीचे स्वरूप नदीतल्याहून वेगळे असल्याने, त्यांवरून वाहत्या पाण्याविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी.

चंदेरा (सिल्व्हर कार्प) हा मूळचा पूर्व आशियातील मासा असून भारतात तो १९५९ मध्ये आणला गेला. अमेरिकेच्या नद्यांत तो बेसुमार वाढला असून, एंजिनाच्या आवाजाने बिथरून त्याचे थवे पाण्याबाहेर उड्या घेतात व नावेतील माणसांनाही इजा करतात. त्याच्या याच भित्रेपणाचा उपयोग करून २०१९ मध्ये केंटकी राज्यात कंबर्लंड नदीवरील बार्क्ली धरणाजवळ ध्वनी, बुडबुडे व प्रकाश यांचा अडसर उभारण्यात आला.