खर्जाचा सांधा : घरगुती संगीतसंचातील क्रॉसओव्हरची जुळणी

घरगुती स्टीरिओ संचाला सबवूफर जोडला की संगीतात खर्जाची भर पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. सबवूफर जोडणे म्हणजे ध्वनीचे दोन विभाग करून खालचा विभाग एका पेटीकडे व वरचा दुसऱ्या पेट्यांकडे सोपविणे होय. हे विभाजन करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. ध्वनी कोठे तोडावा, एवढाच प्रश्न येथे नसतो. तोडलेले विभाग श्रोत्याच्या कानापाशी पुन्हा एकजीव कसे व्हावेत, हा खरा प्रश्न असतो.

हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत तो विशेष नाजूक आहे. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ, असेल तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता ६९ हर्ट्झच्या आसपास येते. तिचे उपस्वर मात्र १३९, २०८, २७७ असे वर चढत जातात. विभाजन ८० हर्ट्झवर केले असता एकाच तारेचा मूलस्वर सबवूफरमधून व उपस्वर मुख्य ध्वनिक्षेपकांतून निघतात. तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर स्वरसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह व पुढे १९३४ मध्ये विशद केले. डग्ग्यावर मनगटाचा दाब पडताच त्याचा स्वर वर सरकतो, आणि ही घुमारी बहुधा याच सीमेच्या टापूत वावरते. सांधा सदोष असेल तर ती मध्येच फुगते किंवा खचते.

बहुतेक साध्या संचांत सबवूफरवरील क्रॉसओव्हरची कळ केवळ सबवूफरची वरची मर्यादा ठरविते. मुख्य ध्वनिक्षेपक आपल्या नैसर्गिक मर्यादेपर्यंत वाजतच राहतात. हे न जाणता कळ १२० वर ठेवली तर मधला पट्टा दोन्हींकडून वाजतो. दोहोंचा जोर समान व कला एक असेल तर तेथील पातळी ६ डेसिबेलने वाढते आणि डग्गा घुमण्याऐवजी गुरगुरतो. म्हणून मुख्य ध्वनिक्षेपकाचा जोर जेथे ओसरू लागतो, तेथेच कळ ठेवून आरंभ करावा. दोन्ही बाजूंना नियंत्रित उतार देता येत असेल, तर सीग्फ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेली व त्यांच्या आणि रस रायली यांच्या नावाने रूढ झालेली रचना उपयुक्त ठरते. तीत सीमेवर दोन्ही विभाग प्रत्येकी ६ डेसिबेलने खाली असतात व त्यांची कला जुळलेली असल्याने बेरीज सपाट येते.

कला म्हणजे तरंगाची त्याच्या चक्रातील स्थिती. हवेचे तापमान ३० अंश असताना ८० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ४.४ मीटर असते. सबवूफर मुख्य ध्वनिक्षेपकांपेक्षा एक मीटर दूर असला तर जवळजवळ पाव चक्राचा फरक पडतो. सव्वादोन मीटर दूर असला तर दोन्ही ध्वनी परस्परांस मारक होतात. यावर उपाय सोपा आहे. सीमेच्या कंप्रतेचा अखंड स्वर लावावा, नेहमीच्या आसनावर बसावे आणि दुसऱ्याकडून कलेची कळ फिरवून घ्यावी. ज्या स्थितीत स्वर अधिक भरीव ऐकू येईल ती स्थिती योग्य समजावी.

यानंतर खोलीचा विचार येतो. यवतमाळ जिल्ह्यातील कवेलूच्या छपराच्या घरातून खर्ज बराचसा बाहेर निघून जातो. सिमेंटच्या स्लॅबखाली तो कोंडला जातो. एका घरातील जुळणी दुसऱ्या घरात लागू पडत नाही ती यामुळे. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या सुमारास लांबीचा पहिला अनुनाद होतो. खोलीच्या बरोबर मध्यावर तो क्षीण व भिंतीपाशी प्रबळ असतो. कापसाच्या या जिल्ह्यात भिंतीला गाद्या लावण्याचा उपाय सहज सुचतो. परंतु शोषक थराची जाडी तरंगलांबीच्या सुमारे चतुर्थांश असल्याखेरीज तो फारसा परिणामकारक होत नाही. १००० हर्ट्झला ९ सेंटिमीटर पुरतात, ८० हर्ट्झला मीटरभराहून अधिक लागतात. परिणामी गादीने वरचे स्वर मंदावतात आणि खर्जाची घुमघुम अधिकच उघडी पडते. त्यापेक्षा सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून, खर्जाचे चढते-उतरते स्वर वाजवीत, भिंतीच्या कडेने वाकून फिरावे. जेथे सर्व स्वर सारख्या जोराने ऐकू येतील, तेथेच सबवूफरची जागा करावी.

ऋतूचाही यात वाटा आहे. हिवाळ्यातील १२ अंशांपासून उन्हाळ्यातील ४५ अंशांपर्यंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३३८ मीटरवरून ३५७ मीटरपर्यंत वाढतो. खोलीचे अनुनाद त्यासह जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतात, ध्वनिमुद्रणातील तंबोरा मात्र आपल्या जागीच राहतो. तेव्हा पौषात केलेली जुळणी वैशाखात पुन्हा पारखणे इष्ट होय.

भाषाभ्यासकांस या विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूलस्वर सामान्यतः १०० ते १५० हर्ट्झच्या टापूत असतो व घोष स्पर्शवर्णांच्या अवरोधकाळातील नादही मुख्यतः तेथेच असतो. याच जिल्ह्यात बोलली जाणारी कोलामी ही द्राविडी भाषा आहे; तिचे वर्णन मरी एमेनो यांनी १९५५ च्या ग्रंथात केले आहे. प आणि ब, त आणि द यांतील भेद तीत अर्थभेदक आहे. संगीतासाठी खर्ज फुगविलेल्या संचावर कोलामी वक्त्याचे ध्वनिमुद्रण ऐकून लेखन केले, तर खोलीचा गुण वक्त्याच्या तोंडी घातला जाण्याचा धोका संभवतो. अशा वेळी सबवूफर बंद करून श्रवणिका वापरणे श्रेयस्कर.

जुळणी साधली की नाही, याची कसोटी एकच आहे. सबवूफर बंद केल्यावर संगीत पोकळ वाटावे. चालू असताना तो कोठे ठेवला आहे, हे मात्र कानाला सांगता येऊ नये.