डोंगराचे मौन आणि जमिनीचा पुरावा

मराठी ललित लेखनात डोंगर बहुधा शांत असतो. त्याच्या कुशीतल्या वाडीतला माणूसही शांत, समाधानी, निसर्गाचे लेकरू असतो. मी उरणला महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. हे लेखन मी वर्गात शिकवत आलो आणि बरीच वर्षे ते मला खरेही वाटत होते.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरातल्या कातकरी वाडीत पाहणीसाठी गेलो. छापील तक्त्यात एक रकाना होता : ‘जमीन किती?’ एका म्हातारीला विचारले. ती बोलली नाही. पुन्हा विचारले. ती खाली पाहत राहिली. मी रकान्यात ‘निरंक’ लिहिले. परत निघताना तिने आपणहून झरा दाखवला, वरीचा उतार दाखवला आणि सासऱ्याला पुरले ती जागा दाखवली. त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

हे मौन स्वभावातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि खैराला कुऱ्हाड लावणे गुन्हा ठरू लागले. उतारावरच्या ‘दळी’ जमिनी इंग्रज सरकारने नाचणी-वरीपुरत्या कसायला दिल्या, मालकीने दिल्या नाहीत. पोट भरेना तेव्हा कोळशाची भट्टी आली, पुढे वीटभट्टी. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात. त्या काळात मोजणी झाली, ग्रामसभा झाली, तर बोलायला वाडीत कोण असते?

आणि हा माणूस कधी बोललाच नाही असेही नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. त्यांत आगरी-कोळ्यांबरोबर नवश्या महादेव कातकरी हे नाव आहे. जात हेच आडनाव. पुढे खटल्यात आरोपींचा बचाव करणाऱ्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. जंगलाचा प्रश्न आपला नव्हे असे मानणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जानेवारी १९८४ मध्ये याच तालुक्यात नवी मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनींवरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तो लढा न्याय्यच होता. पण त्या शेतकऱ्याच्या हाती सातबारा होता. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्याने गमावलेल्याचा हिशेब कोणत्या कागदावर करायचा?

माझे वडील भूमिहीन शेतमजूर. ज्याच्या शेतात राबत त्याच्यासमोर ते असेच गप्प उभे राहत. लहानपणी मला त्याची लाज वाटे. बोललो तर उद्याचे काम जाईल, हा हिशेब त्या गप्प राहण्यात होता, हे मला फार उशिरा कळले. आणि तरीही म्हातारीसमोर तक्ता घेऊन मीच उभा होतो. शिकलेला माणूस किती लवकर कचेरीच्या बाजूला जातो, हे मी तिथे पाहिले.

वस्तुतः कायद्याने वाट थोडी मोकळी केली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य केला. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. एकाहून अधिक पुरावे लागतात. पण विहीर, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या जुन्या खुणा पुराव्यात धरल्या जातात, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही. म्हणजे म्हातारीने मला दाखवली ती पुरलेल्याची जागा नुसती आठवण नव्हती. तो पुरावा होता, आणि मी ‘निरंक’ लिहून आलो होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती राहिली नव्हती. शेजारच्या दाव्यांत जिचे कथन चालले असते, अशी एक साक्ष तिच्याबरोबर गेली.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. वाडीत जाताना भाषण नेऊ नका, वही न्या. कुटुंबे भट्टीवर निघण्यापूर्वी जा. वृद्धांबरोबर उतार चाला, ते दाखवतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि मगच अंगठा घ्या. ते गप्प राहिले, तर रकाना कोरा ठेवा आणि पुन्हा जा.